सतरा नंबरचं पोर्ट

बुधवार, ४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरचं नेटवर्क आज सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी पूर्ण सुरू झालं. हे मी सांगतोय म्हणून नव्हे. ग्रंथपाल बाई स्वतः वर जाऊन चोवीसच्या चोवीस टेबलं बघून आल्या आणि म्हणाल्या, "काका, सगळीकडे लागलंय." देखभालीच्या कंपनीच्या माणसानेही त्याच्या ऑफिसातून तपासून फोनवर तेच सांगितलं. तेव्हा बातमी पक्की समज.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, तीच अधूनमधून कुरकुरते. माझं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे. तुझं जेवणखाण वेळेवर होतं का वगैरे आई फोनवर विचारतेच, म्हणून मी पुन्हा विचारत नाही. आपण दोघं फोनवर आलो की "जेवलीस का" आणि "हो" यापलीकडे गाडी जात नाही, म्हणून हे पत्र. टाइप केलंय याचा राग मानू नकोस. हाताने लिहिलं असतं तर तुला वाचायला दुसरा माणूस ठेवावा लागला असता.

आता तू म्हणशील, वाचनालयाच्या नेटवर्कशी बाबांचा काय संबंध. रास्त आहे. क्रमाने सांगतो.

ऑक्टोबरात दुसऱ्या मजल्यावरचे कॉम्प्युटर बंद पडले. कंपनीचा माणूस म्हणाला, चार दिवसांनी येतो. तो नेहमी चार दिवसांनीच येतो, त्यामुळे इथे त्याला सगळे चारदिवसे म्हणतात. मी खाली वर्तमानपत्रांच्या दालनात माझ्या खिडकीपाशी बसलो होतो. ग्रंथपाल बाई एक निळी वही घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही तुमच्या मुलीची. इथली जोडणी केली तेव्हाची, रॅकवर होती. यात सगळं लिहिलंय म्हणे, पण चारदिवश्याला अक्षर लागत नाही. तुम्ही लावा."

"मला कसं लागेल?"

"वडील ना तुम्ही?"

अक्षर लागलं, पण त्यात वडील असण्याचा काही भाग नाही. चौतीस वर्षं कोर्टात न्यायाधीशांची अक्षरं लावून टाइप केली, त्यांच्यापुढे तुझं अक्षर म्हणजे छापील पुस्तक. मी वाचत गेलो, बाई कीबोर्डवर एकेक बोट मारत गेल्या. तिसऱ्या ओळीला मला ते बघवेना. म्हटलं, "उठा, मी बसतो."

ठकी, मला माऊस जमत नाही हे तुला ठाऊक आहे. मी एकीकडे, बाण भलतीकडे. बँकेत, दवाखान्यात, जिथे जाईन तिथे कुणीतरी माझ्या खांद्यावरून हात घालून "थांबा आजोबा, मी करतो" म्हणतं. आणि इथे काळा पडदा, त्यावर एक ओळ आणि पुढे लुकलुकणारी रेघ. चित्र नाही, बाण नाही, बटण नाही. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच एखादं यंत्र मला म्हणालं की साहेब, टाइप करा. मी केलं. दहाही बोटांनी, कीबोर्डकडे न बघता. बाई मागून म्हणाल्या, "अरे देवा." त्यांचा तो स्वर मला फार आवडला, हे कबूल करतो.

तुझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे की अडलं तर नुसतं प्रश्नचिन्ह मार. मारलं. पुढे काय काय लिहिता येईल त्याची यादीच समोर आली. आपण विचारावं आणि समोरच्याने न चिडता सांगावं, हा अनुभव मला नोकरीत कधी आला नव्हता. चूक झाली की साहेब कागद भिरकावून "काय टाइप केलंय हे" म्हणायचे, कुठे चुकलंय ते मीच शोधायचं. हा नेटवर्कचा स्विच चुकलेल्या अक्षराच्या बरोबर खाली एक छोटी टोपी काढतो आणि गप्प बसतो. दुरुस्त करून दिलं की मागचं मनात ठेवत नाही.

त्या दिवशी 'शो इंटरफेस स्टेटस' मारल्यावर दिसलं की एक पोर्ट, म्हणजे तार खोचायची एक जागा, स्विचनेच बंद करून ठेवलंय. का, ते तुझ्या वहीत चौदाव्या पानावर. कुणीतरी एकाच तारेची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटांत खोचून ठेवली होती. सफाईला येणाऱ्या मावशींनी, तार पायात येते म्हणून, चांगल्या मनाने. तार काढली, पोर्ट बंद करून पुन्हा सुरू केलं, दुसरा मजला चालू. चारदिवसे चौथ्या दिवशी आले ते चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, "काका, छोटीमोठी कामं करत चला, फक्त सेव्ह करण्याआधी मला फोन टाका." तेव्हापासून पासवर्डचं पाकीट बाईंच्या कपाटात असतं आणि लागेल तेव्हा मी ते मागतो.

आईला मी स्विच म्हणजे काय ते समजावून सांगितलं. म्हटलं, इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या तारा एका पेटीत येतात आणि कुणाचं बोलणं कुणाकडे पोचवायचं ते ती पेटी बघते. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे माझंच काम."

आता आजचं. तिसऱ्या मजल्यावर अभ्यासिकेची चोवीस टेबलं नवीन आहेत. त्यांचा वेगळा गट करायचा होता, नंबर तीस. त्या मजल्याकडे जाणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना, कोणकोणत्या नंबरांना आत सोडायचं याची यादी असते. तळमजल्याच्या टोकाला मी वहीत बघून, शब्द न शब्द टाइप करून, यादीत तीस घातला. नीट झालं. मग बाईंच्या कॉम्प्युटरवरूनच तिसऱ्या मजल्याच्या स्विचमध्ये शिरलो. तिथे आधी 'रीलोड इन १०' मारलं, कारण तुझ्या वहीत त्याभोवती लाल चौकट आहे आणि खाली लिहिलंय, "लांबच्या स्विचला हात लावण्याआधी. नेहमी. हसू आलं तरी." म्हणजे दहा मिनिटांत आपण थांब म्हटलं नाही तर स्विच आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होणार, आणि न सेव्ह केलेलं सगळं विसरणार. मला हसू आलं होतं. तरी मारलं.

आणि मग मी शहाणपणा केला. हे यंत्र कापाकापी किती चालवून घेतं ते तुला माहीत आहे. 'शो' ऐवजी 'एसएच' चालतं, 'कॉन्फिगर टर्मिनल'चं 'कॉन्फ टी' चालतं. चार महिन्यांत मला त्याची चटक लागली होती. जुना टायपिस्ट मी, चार ठोके वाचले तर तेवढंच बरं वाटतं. यादीच्या आज्ञेत नंबराआधी 'ॲड', म्हणजे 'घाल', असा शब्द असतो, तो मला उगाचच वाटला. आपण तीस म्हणतोय म्हणजे तीस घालायचाच असणार, वेगळं कशाला सांगायचं? गाळला आणि एंटर मारलं.

यादीत तीसच राहिला. बाकीचे सगळे पुसले गेले आणि त्यात मी ज्या वाटेने आत शिरलो होतो ती वाटही गेली. मी टाइप करतोय आणि पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. चौतीस वर्षांत मी एक शब्द गाळल्याची तक्रार कधी आली नाही, आणि गाळला तो हा.

बाई आल्या. "काका, वर सगळं गेलंय."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच घालवलंय."

"परत येईल ना? वर एक नर्सबाई बढतीच्या परीक्षेचा फॉर्म भरतायत, बारापर्यंतच मुदत आहे."

"नऊ मिनिटांनी यायला लागेल."

"कोण म्हणतं?"

"आमची मुलगी."

"फोन केलात तिला?"

"वहीत लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि त्या समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. वर जाऊन थेट स्विचला जोडायची निळी केबल चारदिवश्यांच्या बॅगेत, म्हणजे करण्यासारखं काही नव्हतं. नऊ मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. बाईंनी त्यात मला दोनदा विचारलं की तुमची मुलगी सहसा बरोबर असते का. मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

अकरा पाचला स्विच आपणहून बंद झाला, अकरा दहाला पुन्हा आला, सगळं जुनं लेऊन. पुन्हा टायमर लावला, या वेळी काही न कापता आज्ञा दिली. चोवीस टेबलं लागली. नर्सबाई पावणेबाराला फॉर्म भरून खाली आल्या आणि ग्रंथपाल बाईंना म्हणाल्या, "तुमचा नेटवाला चांगला आहे हो, लगेच आणलं." घालवलं कोणी ते त्यांना कुणी सांगितलं नाही. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

तर असं सगळं चाललं आहे. हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण म्हणजे, जोडणी जुनी झाली आहे आणि कुणा जाणकाराने एकदा येऊन सगळं तपासावं असं ग्रंथपाल बाईंचं म्हणणं आहे. तुझ्या कानावर असावं म्हणून कळवलं.

तळमजल्याच्या स्विचवर सतरा नंबरच्या पोर्टबद्दल विचारायचं होतं. राहू दे.

तब्येतीस जप.

तुझा,
बाबा


मंगळवार, १० फेब्रुवारी

ती. बाबा,
सा. न.

पत्र मिळालं. सकाळी उभ्याने वाचलं, मग हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये बसून पुन्हा वाचलं. मला एकटीला हसताना बघून माझे साहेब म्हणाले, "काय, सर्व्हर पेटला का एखादा?"

आधी कामाचं. दुसऱ्यांदा टायमर लावल्यावर 'रीलोड कॅन्सल' मारलंत का? त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. सगळं नीट झाल्याच्या आनंदात माणसं हेच विसरतात आणि दहाव्या मिनिटाला स्विच सगळ्यांसकट झोपतो. मारलं असणार, नाहीतर अकरा अठराची बातमी अकरा तीसला बदलली असती. पण लिहायला हवं होतं. शिवाय ती निळी केबल एक वाचनालयात कायमची ठेवा. चारदिवश्यांच्या बॅगेतल्या केबलवर तिसरा मजला सोडून चालणार नाही. आणि आज्ञा कापून देणं बंद करा. मी सुद्धा करत नाही.

वही वाचलीत त्याचं काही नाही. मागच्या पानांवर एका बाईंची चित्रं आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर. ती ग्रंथपाल बाईंची नाहीत असं त्यांना सांगा, आणि त्यांनी बघितली नसतील तर काहीच सांगू नका.

आता ती लाल चौकट. ती मी का काढली ते कुणालाच माहीत नाही, चारदिवश्यांनाही नाही. वाचनालयात मला पहिलाच महिना होता. तोच मजला, तीच तार, तोच 'ॲड'. मला तर तो गाळल्याचं कळलंही नाही. टायमर लावायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसरा मजला अडीच तास बंद होता आणि मी केबल घेऊन जिने चढत-उतरत रडत होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "कसं झालं काम?" मी म्हणाले, "छान." आणि खोलीत जाऊन चौकट काढली. त्यामुळे तुम्ही बुधवारी जे केलंत ते घराण्यात पहिल्यांदा झालेलं नाही.

सतरा नंबर. "राहू दे" लिहिलंत. तीन वर्षं राहूच दिलंय मी. प्रत्येक पोर्टला नाव द्यायची सोय असते, तिथे बाकी सगळे 'काउंटर', 'कॅटलॉग एक', 'कॅटलॉग दोन' लिहितात. मीही लिहिलं. तुमच्या खिडकीखालच्या सॉकेटची तार सतरावर येते, तिथे 'बाबांची खुर्ची' लिहिलं. तिथे कधी काही जोडायचं नव्हतं. नेटवर्कच्या उद्घाटनाच्या दिवशी चार वाजता तुम्ही आलात की पडद्यावर ती यादी काढायची आणि तुमची नजर सतराव्या ओळीवर पोचेपर्यंत गप्प उभं राहायचं, एवढंच ठरवलं होतं. सहापर्यंत दार उघडं ठेवलं होतं. मग आईचा फोन आला की तुम्हाला बरं नाही.

जाणकाराने येऊन तपासावं हे ग्रंथपाल बाईंचं म्हणणं कळलं. तुमचं म्हणणं काय आहे ते कळलं नाही.

मी शनिवार एकवीसचं तिकीट काढून ठेवलंय. सतरा तारखेपर्यंत रद्द करता येतं. तुमचं पत्र त्याआधी येईल असं बघा.

आईला नमस्कार. तिला सांगा, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवून उपयोग होत नाही.

तुमची,
ठकी


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तिकीट रद्द करू नकोस.

हे पहिल्या ओळीत लिहितोय, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल. माझं म्हणणं असं आहे की तू ये. ग्रंथपाल बाईंनी कुणाला बोलवायला सांगितलेलं नाही. काल मी त्यांना विचारलं, "तुमच्या नावावर एक वाक्य खपवलंय, चालेल ना?" त्या म्हणाल्या, "खपवा, पण पुढच्या वेळी स्वतःच्या नावावर लिहा."

'रीलोड कॅन्सल' मारलं होतं, नवव्या मिनिटाला. मी विसरलो होतो. बाईंनी विचारलं, "आता पुन्हा तर जाणार नाही ना?" आणि मी खुर्चीतून पडता पडता राहिलो. म्हणून पत्रात लिहिलं नाही. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

तुझं पत्र काल आलं. आईने पेटीतून काढून आधी स्वतः वाचलं आणि मला देताना म्हणाली, "मी काही वाचलेलं नाही, पण नीट उत्तर द्या." ती 'बरं नाही'पाशी बोट ठेवून उभी होती.

मला बरं होतं, ठकी. त्या दिवशी साडेतीनला मी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून दारापाशी खुर्चीत बसलो होतो. साडेपाचला बूट काढले आणि आईला म्हटलं, सांग तिला काहीतरी. तिने जे सांगितलं ते माझ्यासाठी सांगितलं. तिच्याकडे त्याचा दोष नाही.

आदल्या आठवड्यात वाचनालयाच्या पायरीवर कोर्टातले दोन वकील भेटले होते. ते रोज चारला तिथे वाचायला येतात. एक म्हणाला, "वर शिडीवर चढून तारा ओढणारी मुलगी तुमची का हो?" मी हसून म्हणालो, "हो, वायरमन झालीय आमची." ते हसले, त्यांच्याबरोबर मीही. वरची खिडकी उघडी होती हे मी त्या रात्री तू न बोलता जेवलीस तेव्हा ओळखलं. चार वाजता पुन्हा त्या दोघांसमोरून तुझ्या तारांच्या खोलीत जायचं माझ्याने झालं नाही. त्यांची लाज वाटत होती, की मी जे बोललो त्याची, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. माझ्या बोलण्याची.

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे युक्तिवाद टाइप केले. मनात असायचं की एक दिवस असा येईल की बोलणारी माझी मुलगी असेल आणि टाइप करणारा दुसरा कुणीतरी. तू वकिलीला नाही म्हणालीस तेव्हा माझा हिरमोड झाला. तो झाला तर झाला, माझा होता, माझ्यापाशी ठेवायला हवा होता. तू पुढे दोन महिन्यांनी गाव सोडलंस आणि आपण "जेवलीस का"वर आलो.

माझं चुकलं. हे फोनवर बोलायला मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा जेवणावर गेलो.

'बाबांची खुर्ची' मला ऑक्टोबरात पहिल्याच दिवशी दिसली. बाई शेजारी होत्या. त्यांनी मोठ्याने वाचली आणि मग माझ्याकडे न बघता खिडकी लावायला उठल्या, जी लावलेलीच होती. चार महिने मी ते स्विच शिकत राहिलो त्याचं खरं कारण हेच. आई म्हणायची, "तिच्याशी बोलायला एवढं मशीन शिकताय, त्यापेक्षा फोन उचला." तिला वाटतं फोन सोपा आहे.

परवा त्या दोन वकिलांपैकी एकाचा लॅपटॉप नेटला लागेना. माझ्याकडे आला. मी बघून दिलं. तो म्हणाला, "तुम्ही हे कधी शिकलात?" म्हटलं, "इथली सगळी जोडणी माझ्या मुलीची आहे. तिच्या वहीतून शिकलो." तो म्हणाला, "ती वायरमन?" मी म्हणालो, "हो, तीच. आता मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते. मी इथे तिच्या हाताखाली आहे." मग त्याने त्याच्या मुलाचं काय चाललंय ते बराच वेळ सांगितलं. त्याचंही काही फार बरं चाललेलं नाही. मी ऐकून घेतलं.

आता पुढचं. रविवारी बावीसला वाचनालय बंद असतं. ग्रंथपाल बाई सकाळी दहाला किल्ली घेऊन येणार आहेत. सगळे मजले दोन तास बंद ठेवले तरी कुणाची हरकत नाही असं त्यांनी लेखी दिलं आहे, कारण मी मागितलं. चारदिवसे पण येतो म्हणतात, आणि त्याच दिवशी येतो म्हणतात. त्यांना तुझं अक्षर लावायला शिकायचं आहे. केबल कालच आणून ठेवली. तू सांगायचं आणि मी टाइप करायचं असं मी माझ्यापुरतं ठरवलंय, तुझी हरकत नसेल तर. शब्द गाळणार नाही.

मागची चित्रं बाईंनी बघितली आहेत. त्या म्हणाल्या, "चष्मा बरोबर जमलाय. नाक मोठं काढलंय." एक पान त्यांनी मागितलंय.

शनिवारी तुझी गाडी नऊ चाळीसला येते. मी नऊला फलाटावर असेन. उशीर झाला तर होऊ दे. माझं त्या दिवशी दुसरं काही काम नाही.

तुझ्या कामाचा मला अभिमान आहे. हे वाक्य तीन वर्षं उशिरा टाइप करतोय, पण न कापता करतोय.

तुझाच,
बाबा

ता. क. मी आई. पाकीट चिकटवण्याआधी माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. हे नऊ म्हणतायत, पण आठलाच निघतील, बूट आत्ताच पॉलिश करून दारात ठेवलेत. मी स्टेशनवर येणार नाही. गुडघ्याचं कारण नाही, पट्टा लावते आहे. तुम्ही दोघं चालत या, रिक्षा करू नका. मी दार उघडं ठेवते.